जग गुरुवारी दोन वाजता भरेल

आमच्या बाईंइतकं जग कुणी ओळखलं नसेल, आणि त्या जगातलं एकेक काम त्यांच्याइतकं वाईट कुणी केलं नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण विचार करून आणि पूर्ण प्रेमाने करते आहे. पनवेलला जुन्या गावाच्या कडेला मुलींचं एक बालगृह होतं. नव्वदच्या आगेमागे मी तिथे आठवड्यातून चार दिवस शिवण शिकवायला जात असे, म्हणून बाई मला जन्मभर 'शिवणबाई' म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्यांनी त्याचा कधी उपयोग केल्याचं मला आठवत नाही. त्यांचा स्वतःचा हुद्दा कागदावर दीड ओळीचा होता. काम मात्र एकच. मुलगी अठरा वर्षांची झाली की बालगृहाचा दरवाजा नियमाने तिच्यामागे बंद होई. ज्या पोरी सहाव्या-सातव्या वर्षापासून घंटेवर उठल्या, घंटेवर जेवल्या, ज्यांनी कधी दाराला कुलूप लावलं नाही, बसचं तिकीट काढलं नाही, की दुकानदाराला 'हे नको, ते द्या' म्हटलं नाही, त्यांना शेवटच्या वर्षभरात बाहेर राहण्यालायक करायचं, हे बाईंचं काम. बाई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या होत्या. बुटक्या, लगबगीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि त्याच दोरीला शिट्टी. त्यामुळे घाईच्या वेळी त्या शिट्टी डोळ्यांना आणि चष्मा तोंडाला लावत, आणि 'आज वाजत का नाही' म्हणून आमच्यावरच चिडत.

बाईंच्या शिकवण्याला पुस्तक नव्हतं. दर गुरुवारी जेवणघरातल्या फळ्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ असे : 'जग आज दोन वाजता भरेल.' जग म्हणजे जेवणघरच. पाटरांगा उचलायच्या, टेबलं आडवी लावायची, की एका कोपऱ्यात बँक, दुसऱ्यात दवाखाना, वाढपाच्या खिडकीत एस.टी.चं आरक्षण आणि पाण्याच्या पिंपाशी रेशनचं दुकान. या सगळ्या ठिकाणी खिडकीपलीकडचा माणूस एकच : बाई. आणि अंगात आल्यासारख्या त्या तो माणूस होत. बँकेतल्या कारकुनाच्या भूमिकेत त्या मुलींकडे मान वर करून पाहतसुद्धा नसत. फॉर्म उलटसुलट करून 'सही जुळत नाही' म्हणत, आणि रांग अगदी तोंडाशी आली की 'जेवणाची सुट्टी!' असं ओरडून फळी लावत आणि खरोखर डबा उघडून जेवायला बसत. बाहेर अकरा मुली अर्धा अर्धा तास उभ्या. एकदा एक मुलगी घेरी येऊन पडली, तर बाई घास तोंडात घोळवत म्हणाल्या, "दवाखाना त्या कोपऱ्यात." तिला तिथे नेली, तर केसपेपर काढायला पुन्हा बाईच. हळूहळू आमच्या सगळ्यांच्याच बोलण्यात ते जग शिरलं. "बाईंना सर्दी आहे, जग आज बंद." "जगात आज फिनेल टाकलंय, घसराल." आणि पाच वाजले की स्वयंपाकाच्या मावशी पदर खोचून दारात उभ्या : "बाई, जग आटपलं का? मला पानं मांडायचीत."

सोमवारी भांडणाचा तास असे. बालगृहातली मुलगी भांडत नाही, हे बाईंचं मोठं दुखणं होतं. रडेल, रुसेल, उशीत तोंड खुपसेल, पण समोरच्याला 'हे बरोबर नाही' असं म्हणणार नाही. म्हणून बाई त्यांच्यावर अन्याय करत. धडधडीत, पद्धतशीर अन्याय. एकीची वेणी विनाकारण सोडत, दुसरीच्या वहीवर चहाचा कप ठेवत, आणि वाट पाहत. नियम तीन : रडायचं नाही, शिवी द्यायची नाही, आणि पाय मागे घ्यायचा नाही. पहिले दोन महिने पोरी नुसत्या बघत राहत. मग एका सोमवारी कुसुम नावाच्या एका किडकिडीत मुलीला कंठ फुटला आणि ती बाईंना सोडून थेट बालगृहावरच घसरली. आमटीत डाळ का नसते, घंटा रविवारीसुद्धा पाचला का होते, आणि पत्रं फोडून का देतात. दहा मिनिटं ती थांबली नाही. कार्यालयातून कार्यवाह धावत आले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कार्यवाहांना वाटलं अपमानाने, म्हणून ते कुसुमला दरडावू लागले, तर बाईंनी त्यांनाच गप्प केलं : "मधे बोलू नका हो, लय तुटेल तिची!"

बाहेरच्या धड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. मासळी बाजारात घासाघीस शिकवायला त्या मुलींना घेऊन जात, पण स्वतः सात पिढ्यांच्या शाकाहारी. त्यामुळे नाकाला पदर लावून रस्त्यापलीकडे उभ्या राहत आणि शिट्टीने मार्गदर्शन करत. एक शिट्टी म्हणजे 'जास्त सांगतेय', दोन म्हणजे 'निघायचं नाटक करा'. कोळणी हैराण. शेवटी त्यांतली एक हात कमरेवर ठेवून ओरडलीच, "ओ बाय, लांबशी काय शिट्ट्या वाजवताव? या की हितं! मेलेला मासा हाय, चावत नाय!" बाईंनी त्यावर तीन शिट्ट्या दिल्या. तीन शिट्ट्यांचा अर्थ अजून ठरला नव्हता.

आणि कर्नाळ्याचा हरवण्याचा धडा तर सगळ्या बालगृहाला पाठ होता. 'हरवल्याशिवाय रस्ता कळत नाही' या तत्त्वावर बाईंनी सहा मुलींना कर्नाळ्याच्या पायथ्याशी बसमधून उतरवलं, "आता तुम्ही हरवलात, आपापल्या परत या," असं सांगितलं, आणि नजर ठेवायला स्वतः एका झाडामागे लपल्या. मुलींनी पाच मिनिटांत पनवेलची बस धरली. बाईंनी त्यांच्या मागोमाग घाईने जी बस पकडली ती पेणला गेली. इकडे संध्याकाळ होत आली तरी बाईंचा पत्ता नाही, तेव्हा त्याच सहाजणी शहाण्यासारख्या एस.टी. स्टँडच्या चौकशी खिडकीवर गेल्या आणि न अडखळता वर्णन दिलं : बाई हरवल्यात, वय पन्नास, उंची कमी, गळ्यात शिट्टी. दिवेलागणीला बाई उतरल्या त्या पेणचे पोह्याचे पापड घेऊन, मुद्दाम तेवढ्याकरताच गेल्यासारख्या. "चौकशीला किती जणी गेलात?" त्यांनी विचारलं. "सहा." "एक पुरली असती. बाकीच्यांनी स्टँडवर शोधायचं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

हे सगळं शिकवणाऱ्या बाई स्वतः राहत होत्या थोरल्या भावाकडे. लग्न केलं नव्हतं. आई गेली त्या वर्षी वहिनीने त्यांचा ताबा घेतला, तो कायमचा. वहिनी त्यांचा डबा भरत, छत्री आठवणीने हातात देत, साडीचा फॉल लावून घेत, दुधात साखर घालून ढवळूनसुद्धा देत. स्टोव्ह कसा पेटवावा यावर बाई पाऊण तास बोलू शकत, पण त्यांनी तो पेटवलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "शिवणबाई, पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो."

त्यांना काठावरून पाण्यात ढकललं ते यमुनाने.

यमुना वीटभट्टीवरून आलेली मुलगी. सहा वर्षांची असताना आजारी पडली म्हणून कुणीतरी तिला दवाखान्यात पोचवलं, आणि ती बरी होईपर्यंत आईबापांची टोळी दुसऱ्या भट्टीवर निघून गेली. कुठल्या, ते पुन्हा कधीच कळलं नाही. माझ्याकडे ती उत्तम शिवायची. बाईंच्या जगात तिला प्रत्येक खिडकीवर पहिला नंबर मिळे. फक्त भांडणाच्या तासाला ती शून्य. बाईंनी तिच्या ताटातली भाजी काढून घेतली तरी ती म्हणे, "असू दे, बाई." तिला तळोज्याला एका कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात काम मिळालं. नोकरी होती, अठरावं संपायला पाच आठवडे होते, आणि राहायला जागा नव्हती. कार्यवाह वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपल्या परीने तोड काढली आणि एक स्थळ आणलं. बिजवर, चौतिशीचा, दोन मुलांचा बाप. "माणूस निर्व्यसनी आहे," त्यांनी तीनदा सांगितलं. "निर्व्यसनी तर आमची भिंतसुद्धा आहे," बाई म्हणाल्या, "तिच्याशी लावता का?" कार्यवाहांनी शांतपणे सांगितलं की पाच आठवड्यांत खोली बघा, नाहीतर मी त्या लोकांना होकार कळवतो. यमुनाला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. असू दे, बाई.

मग आम्ही तिघी खोली शोधत फिरलो. बाईंनी यमुनाची घरमालकाची तालीम रात्रंदिवस घेतली होती. भिंतीला खिळा ठोकणार का, पाणी किती वाजता भरणार, पाहुणे किती दिवस ठेवणार. तिला सगळं तोंडपाठ. पण पनवेलचे खरे घरमालक यातलं काहीच विचारीनात. एकाने आडनाव विचारलं. दुसऱ्याने गाव. तिसऱ्याने वडील काय करतात ते. यमुना प्रत्येकासमोर खालमानेने उभी राही आणि बाई मधेच म्हणत, "खिळ्याचं विचारा की! पाण्याचं विचारा!" सातव्या घरातून बाहेर पडल्यावर बाई रस्त्यातच एका पायरीवर बसल्या. "हे प्रश्न मी कधी घातलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही घातले हो. विचारवत नव्हते." त्या दिवशी पहिल्यांदा मला बाईंचं वय दिसलं.

आठवं घर कामोठ्याला गावात होतं. आगरी म्हातारी, नाकात मोठी नथ, परसात पत्र्याच्या तीन खोल्या आणि त्यांत-बाहेर फिरणाऱ्या कोंबड्या. कारखान्याची बस हमरस्त्याच्या नाक्यावर थांबे, दहा मिनिटांची वाट. म्हातारीने आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. यमुनाला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "पोर बरी हाय. पन एकटी? नाय बा. उद्या काय झालं त लोक मनाच इचारतील. संगती कोन बाईमानूस हाय का?"

"आहे ना," उत्तर आलं. "मी राहणार आहे."

मी बाईंकडे पाहिलं, यमुनाने बाईंकडे पाहिलं, आणि हे कोण बोललं म्हणून बाईंनीही मागे वळून पाहिलं.

पण शब्द गेला तो गेला. पुढच्याच रविवारी बाई जन्मात पहिल्यांदा घर सोडून निघाल्या. पनवेल ते कामोठे म्हणजे रिक्षाने जेमतेम पाव तास, पण भाऊ आणि वहिनी विलायतेला पोचवायला निघाल्यासारखे सोबत आले. होल्डॉल, थर्मास, कंदील, तीन प्रकारची लोणची आणि बाळहिरड्यांची पुरचुंडी. म्हातारीच्या अंगणात वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "वन्संना पहाटे पायात गोळे येतात," त्यांनी यमुनाला सांगितलं. "दूध फार तापवू नको, जीभ भाजते." सांभाळायला कोण कुणाला चाललंय, याबद्दल त्या घरात कधी संशय नव्हता.

पुढचे वीस दिवस बाईंनी अठ्ठावीस वर्षांची आपली विद्या प्रत्यक्षात उतरवली. पहिल्या सकाळी स्टोव्हला इतका पंप मारला की ज्वाळ पत्र्याला लागली आणि कोंबड्या शेजाऱ्याकडे राहायला गेल्या. नळाला पाणी पहाटे पाचला येई. 'पाण्याचं नियोजन' यावर बाईंनी आदल्या संध्याकाळी शेजारच्या दोन्ही खोल्यांना व्याख्यान दिलं आणि स्वतः सातला उठल्या. एकदा किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, तेव्हा यमुना कामावरून येईपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर पाटावर ताठ बसून होत्या. म्हातारीने चहा दिला, तर चहा पिता पिता तिला घरमालकाची कर्तव्यं समजावून सांगितली. पाल दिसली की शिट्टी. एका दुपारी पंखा बंद पडला, तर बाईंनी पर्समधून फ्यूजची तार काढली, स्टुलावर चढल्या, तार कशी ओढायची याचा पूर्वार्ध सांगितला आणि उतरता येईना म्हणून तिथेच उभ्या राहून उत्तरार्ध सांगितला. दुसऱ्या पाळीला निघालेल्या यमुनाने आधी त्यांना उतरवलं, मग फ्यूज बसवला, मग त्यांच्या ताटावर झाकण ठेवून बस गाठायला पळाली. मी शनिवारी भेटायला गेले की बाई म्हणत, "मुलगी छान तयार होते आहे. मी लक्ष ठेवून आहे." मागे यमुना त्यांच्या साडीच्या निऱ्या नीट करत असे.

एकविसाव्या दिवशी म्हातारीने मला निरोप धाडून बोलावून घेतलं. अंगणात बाई बसलेल्या, यमुना दाराशी उभी. म्हातारीने सरळ मुद्द्याला हात घातला.

"पोरीला खोली देते. राव दे तिला, हवी तवर राव दे. अशी पोर मना सून म्हनून मिलाली नाय. पन या बाईला तुमी आजच्या आज घेऊन जा. माज्याच्यान हिची कालजी होत नाय. काल हिनं माजी कोंबरी पेटीत कोंडली."

"वारा होता," बाई म्हणाल्या. "तिला थंडी—"

"कोंबरीला थंडी!"

बाईंचा चेहरा पडला. कागदोपत्री त्या जिंकल्या होत्या. यमुनाला खोली मिळाली होती, स्थळ टळलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे यातलं काहीच नसावं. "अजून एक आठवडा," त्या यमुनाला म्हणाल्या. "तुझं अजून भांडण राहिलंय. तू एकटी कशी..." आणि थांबल्या.

यमुना पुढे आली. तिने होल्डॉल आधीच बांधून ठेवला होता. "नाही बाई," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण पाय मागे घेतला नाही. "तुम्ही आता घरी जा. मला जमतंय. खोली माझी आहे, आणि मला एकटीला राहून बघायचंय."

बाईंनी सवयीने छातीशी चाचपलं, शिट्टी हाती आली, ती त्यांनी सोडून दिली. रिक्षा खांदा वसाहतीशी आली तरी त्या मागे वळून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ऐकलंत ना? चार वाक्यांत काढलं मला. रडली नाही, शिवी नाही." आणि रुमाल शोधायला पर्स उघडली, तो त्यातून फ्यूजची तार निघाली.

मला पुष्कळ दिवस वाटत होतं की हे सगळं बाईंनी जाणूनबुजून केलं असावं. म्हातारीला यमुनाचा वकूब दिसावा म्हणून स्वतः वेंधळेपणाचं सोंग घेतलं असावं. एकदा मी वहिनींना तसं बोलूनही दाखवलं. वहिनी पोळी लाटायच्या थांबल्या. "सोंग?" त्या म्हणाल्या. "अहो, तिला घड्याळाला किल्ली देता येत नाही." मग पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "पण राहिली ना वीस दिवस? माझ्याशिवाय एक रात्र राहिली नव्हती हो ती."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कामोठ्याचं ते परस आता कुठे होतं ते मला सापडणार नाही. सगळीकडे इमारती, शिकवणीचे वर्ग आणि रिक्षांच्या रांगा. बाईंची आठवण निघाली की लोक कर्नाळ्याचा किस्सा सांगतात, मीही सांगते, आणि सगळे पोट धरून हसतात. एकटी असले की मात्र मला आठवते ती एक उन्हाळ्यातली दुपार.

तोवर यमुनाने कारखान्यातल्याच एका मुलाशी, स्वतः बघून, स्वतः ठरवून लग्न केलं होतं. त्या दुपारी मी शिवणाच्या खोलीत होते. फाटकाशी नवा पहारेकरी कुणाशी तरी हुज्जत घालत होता म्हणून डोकावले. यमुना उभी होती, सातवा महिना, हातात पिशवी.

"कुणाला भेटायचंय ते सांगा," पहारेकरी म्हणत होता.

"भेटायचं नाही. बाळंतपणाला आलेय," यमुना म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना."

कार्यवाहांनी नियमांची वही काढली. अठरा वर्षांवरच्या कुणाला तिथे एक रात्रही ठेवता येत नव्हतं, आणि ते खोटं बोलत नव्हते. बाईंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडल्या नाहीत, व्याख्यान दिलं नाही. त्यांनी यमुनाच्या हातातली पिशवी घेतली, मला म्हणाल्या, "शिवणबाई, रिक्षा बघा," आणि आम्ही तिला त्यांच्या भावाच्या घरी घेऊन गेलो. दोन जिने यमुना सावकाश चढली. वहिनींनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. "वहिनी," बाईंनी मागून सुरुवात केली, "ही काही दिवस... म्हणजे नियमाप्रमाणे तसं..." वहिनींचं लक्षच नव्हतं. "तिथेच थांब गं, आत येऊ नको," असं यमुनाला म्हणून त्या आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा नि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं आणि तिचा हात धरून तिला आत नेलं. पाठोपाठ मीही गेले.

पंख्याखाली यमुनाला बसवून वहिनी डोहाळ्यांचं विचारू लागल्या तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं आणि मी वळून पाहिलं. दार उघडंच होतं. बाहेर जिन्यात, ओल्या उंबऱ्यापलीकडे, ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, आतल्या त्या दोघींकडे बघत बाई उभ्या होत्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं, आणि त्यांनाही काही घाई दिसत नव्हती.